क्लचखालचा स्विच

माझ्या दिराला सगळे डायरेक्ट म्हणतात. खरं नाव विचारलं तर निम्म्या लोकांना सांगता येणार नाही, आणि बाकीच्यांना ते आठवायला डोकं खाजवावं लागेल. पेट्रोल पंपामागच्या बोळात त्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, आत एक काळंकुट्ट लाकडी टेबल, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या वायरींच्या गुंडाळ्या आणि कोपऱ्यात पोट फाडून ठेवलेले स्टार्टर. मागे एक खोली आहे, तिथे तो झोपतो. लग्न केलं नाही. मी विषय काढला की उठून स्कूटरला किक मारायला लागायचा. त्या स्कूटरला चालू करायचं बटण आहे, पण ते कित्येक वर्षं बंद आहे. गावभरच्या गाड्या बटणावर आणणाऱ्याची स्वतःची गाडी किकवर चालते, हे मी त्याला ऐकवलं नाही असा महिना जात नाही.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता आणि घरातला रेडिओ उघडून बसला होता. रेडिओ चालू होता की बंद होता हे कुणालाच आठवत नाही. तो उघडल्यानंतर मात्र कायमचा बंद पडला. त्याच्या दादाने, म्हणजे आमच्या यांनी, ‘अरे गाढवा’ म्हणून त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि दुसऱ्या दिवशी त्याला वायरिंगवाल्याकडे शिकायला नेऊन सोडलं. सासू-सासरे लवकर गेले. तेव्हा त्याचा बाप, मास्तर, कोतवाल सगळं हेच. हाक मारायची तर ‘गाढवा’ अशीच. तो ओ द्यायचा आणि हसायचा.

डायरेक्ट हे नाव पडलं ते त्याच्या कामावरून. ट्रॅक्टरच्या क्लचखाली एक लहानसा स्विच असतो. क्लच पूर्ण दाबला तरच त्यातून करंट पुढे जातो आणि चावीवर इंजिन फिरतं. माणूस वर सीटवर बसलाय, पाय क्लचवर आहे, गाडी चुकून गिअरमध्ये राहिली असली तरी एकदम उडी घेणार नाही, एवढ्यासाठी ती सोय. पण हा स्विच चिखलपाणी खाऊन लवकर मरतो. तो मेला की चावी कितीही फिरवा, ट्रॅक्टर ढिम्म. मग शेतातून फोन यायचा, माझा दीर किक मारून जायचा, स्विचच्या दोन्ही वायरी उपटायचा, एकमेकींना पीळ द्यायचा आणि वरून चिकटपट्टी गुंडाळायचा. झालं काम. स्विच असला काय, नसला काय. ‘डायरेक्ट केलंय,’ म्हणायचा आणि पुढच्या शेताकडे निघायचा.

लोकांना ते फार आवडलं. क्लच दाबायची कटकट गेली, वर चढायचे कष्टही वाचले. खाली जमिनीवर उभं राहायचं, हात लांब करून चावी फिरवायची, एका हातात चहाचा ग्लास असला तरी चालतं. ज्यांचे स्विच धडधाकट होते तेही बोलावून डायरेक्ट करून घ्यायला लागले. आमचाही करून घेतला. यांनीच सांगितलं आणि त्याने केला.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण लांबवून सांगायची ताकद आता माझ्यात नाही. एका सकाळी हे खाली उभे राहिले, हात लांब केला, चावी फिरवली. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. मोठं चाक यांच्या डाव्या पायावरून गेलं. पाय मांडीतून काढावा लागला.

हे दवाखान्यात असतानाच एके दुपारी डायरेक्ट आमच्या अंगणात आला. माझ्याकडे न बघता ट्रॅक्टरखाली शिरला आणि स्वतःच पिळलेल्या वायरी सोडवून तिथे नवा स्विच बसवला. मी कपडे न्यायला घरी आले होते, खिडकीतून बघत होते. मला वाटलं बाहेर जावं आणि विचारावं, आता कशाला? नाही विचारलं. पिशवी भरली आणि परत दवाखान्यात गेले.

तेव्हापासून त्याने वेगळाच उद्योग काढला. जे जे ट्रॅक्टर त्याने डायरेक्ट केले होते, ते शोधून शोधून तो पुन्हा स्विचवर आणायला लागला. कुणी बोलावलेलं नाही, कुणाची तक्रार नाही, हा आपला दारात उभा. ‘दहा मिनिटं ट्रॅक्टर द्या, स्विच बसवतो.’ लोक वैतागायचे. चाललंय ते बरं चाललंय, आता परत क्लच दाबत बसू का? काहींनी तोंडावर हाकलून दिलं. काहींनी बसवू दिला आणि त्याची स्कूटर वळणाआड गेल्यावर वायरी परत पिळल्या. ती विद्या आता सगळ्यांनाच आली होती. हा महिन्याभराने पुन्हा तिथे हजर. भांडायचा नाही, उपदेश करायचा नाही. उन्हातान्हात यायचा, खाली शिरायचा, अंगभर ऑइल घेऊन निघायचा. नव्याने बंद पडलेला ट्रॅक्टर आला तरी मूळ बिघाड सापडेपर्यंत तो सोडायचा नाही. जिथे दुसरा मिस्त्री चुटकीसरशी वायर पिळून मोकळा होतो, तिथे हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत. गिऱ्हाईक तुटत गेलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. डायरेक्ट करत नाही तो डायरेक्ट, अशी थट्टा बोळात रोज व्हायची, आणि तो खाली मान घालून स्टार्टर घासत बसायचा.

मी त्याला माफ केलं होतं का? नाही. पण राग धरायलाही अंगात जोर लागतो, आणि माझा सगळा जोर शेत, गोठा, ट्रॅक्टर आणि यांचं अंथरूण यात संपत होता. ट्रॅक्टर मी चालवायला शिकले. शिकले म्हणजे काय, शिकावंच लागलं. आणि हे? यांनी त्याला कधी एक शब्द लावला नाही. तो आला की म्हणायचे, ‘ये, बस. चहा घे. दुकान बरं चाललंय ना?’ पाहुण्याशी बोलावं तसं. ज्या माणसाने जन्मभर गाढव म्हणून कान उपटले, तो आता इतक्या चांगुलपणाने वागायचा की डायरेक्ट खुर्चीच्या टोकावर बसून अर्धाच कप पिऊन पळायचा. त्या चांगुलपणाने तो खंगला. मला दिसत होतं. पण मी कुणाकुणाचं बघू?

त्या दिवशी बटाट्याची ट्रॉली भरून उभी होती. पोती पहाटेपासून रचलेली, दोर आवळलेले, मी साडीचा पदर खोचून सीटवर चढले, क्लच दाबला, चावी फिरवली. काही नाही. नुसता टक आवाजसुद्धा नाही. पुन्हा फिरवली. तेच. ऊन वर यायला लागलं होतं. शेजारचे काका कुंपणावरून ओरडले, ‘वहिनी, स्विच गेला असेल. येऊ का? वायर पिळून देतो, लगेच चालू होईल.’

खरं सांगते, माझ्या तोंडावर ‘या’ आलं होतं. कमरेत कळ येत होती, बटाटा उन्हात होता. तेवढ्यात ओट्यावरून हे म्हणाले, ‘त्याला फोन कर.’ मी फोन केला.

डायरेक्ट आला. शर्टाच्या खिशात त्याचा तो टेस्टलॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब. सगळ्या डॉक्टरांच्या गळ्यात जसं नळीचं यंत्र असतं तसा हा बल्ब याच्या खिशात कायम. यांनी ओट्यावरून ‘ये, चहा घेतोस का?’ विचारलं. ‘आधी काम करतो, दादा,’ म्हणून तो बॉनेट उघडायला वळला.

‘हे बघ,’ मी म्हणाले, ‘ट्रॉली भरलेली आहे. मी काही खाली उभी राहून चालू करणार नाही. आजच्यापुरतं पीळ त्या वायरी, उद्या कर तुझं काय ते.’

‘नाही वहिनी.’

‘अरे, मी सांगते ना!’

‘तुम्ही लाइट लावा जरा.’

मी दात-ओठ खात हेडलाइट लावले. झगझगीत लागले. म्हणजे बॅटरीत जीव होता. तरी त्याने बॅटरीची टोकं उघडली, त्यावर पांढरी-हिरवी पूड साचली होती ती घासून काढली, परत आवळली. चावी फिरवली. काही नाही. मग ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये आहे ना ते स्वतः बघितलं, मला पुन्हा बघायला लावलं, चाकांना पुढून-मागून दगड लावले आणि स्टार्टरला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरीला, बॅटरीवरून वेगळी वायर देऊन बघितली. स्टार्टर घुर्रकन फिरला. ‘हा बरा आहे,’ तो म्हणाला. ‘करंट याच्यापर्यंत येतच नाही. वाटेत कुठेतरी अडलाय.’

मग त्याची ती वाट शोधणं सुरू झालं. मी सीटवर बसून क्लच दाबायचा, चावी धरून ठेवायची, आणि तो खाली बल्ब लावत जाणार. चावीच्या मागे बल्ब लागला. फ्यूजजवळ लागला. मध्ये एका ठिकाणी उंदराने वायर कुरतडलेली सापडली. मला वाटलं सुटलो. त्याने तिच्यावर पट्टी गुंडाळली, मी चावी फिरवली. ढिम्म. उंदराने बिचाऱ्याने फक्त वरचं वेष्टण खाल्लं होतं. ऊन डोक्यावर आलं. माझा क्लचवरचा पाय थरथरायला लागला. तो खाली उताणा, कपाळावरून घाम आणि कोपरावर ऑइल. काका कुंपणावरून दोनदा डोकावून गेले.

‘वहिनी, आता दाबा. अजून दाबा. पूर्ण.’

‘याच्यापुढे काय पाय तोडून देऊ?’ मी ओरडले आणि माझीच जीभ चावली. ओट्यावर हे पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं.

 मी वाकून बघितलं तर डायरेक्ट नुसता पडून होता, क्लचच्या दांड्याकडे बघत.

‘काय झालं?’

‘स्विच बरा आहे,’ तो हळू म्हणाला. ‘त्याचा पत्रा वाकलाय. क्लच खाली येतो तो त्याला लागतच नाही, बाजूने जातो.’

‘मग कर की सरळ.’

‘वहिनी, जरा खाली या.’

मी उतरले, वाकले. त्याने टॉर्चचा उजेड टाकला. क्लचच्या पायपट्टीवर, जिथे माझी चप्पल टेकते त्याच्या जरा कडेला, काळे गोल डाग होते. एकावर एक, रबर घासल्यासारखे. पट्टीच्या कडेचा रंग खरवडला होता, आणि स्विचच्या वाकलेल्या पत्र्यावरही तसाच गोल काळा डाग होता.

मला काही कळेना. मग डायरेक्टने ओट्याकडे बघितलं. यांच्या खुर्चीला टेकवून कुबडी उभी होती. तिच्या खालच्या टोकाला गोल काळं रबर.

मी दुपारी शेतात असते. घरात दुसरं कुणी नसतं. हा माणूस एका पायावर, कठड्याला धरून, चाकाला धरून, त्या सीटवर कसा चढला असेल? आणि चढून तिथे कुबडीने क्लच दाबत बसला असेल. कुबडी घसरून स्विचवर आदळली असेल. किती दिवस चाललं होतं कुणास ठाऊक. पडला असता तर? मी तशीच ओट्यावर गेले आणि म्हणाले, ‘अहो, तुम्ही ट्रॅक्टरवर चढता?’

यांनी पेपर बाजूला ठेवला. खोटं बोलले नाहीत.

‘चढतो. चालू होत नाही.’

‘कशाला पण?’

 हे माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, ‘हा स्विच काढ. डायरेक्ट कर.’

डायरेक्ट अंगणात उभा होता. हातातलं फडकं त्याने हाताभोवती गुंडाळलं.

‘मला क्लच दाबता येत नाही, उजवा पाय तिथवर पोचत नाही,’ हे म्हणाले. ‘कुबडीने दाबला तर दुसरा हात सीटला धरायला लागतो, चावीला हात उरत नाही. डायरेक्ट असेल तर नुसती चावी फिरवायची. मला कुठे जायचं नाही. इथेच अंगणात चालू करेन, बसेन, बंद करेन. एवढं तरी येऊ दे मला.’

एवढं सलग हे पायानंतर पहिल्यांदाच बोलले असतील. मागे ट्रॉली, तिच्यावर ऊन, आणि माझा मूर्ख दीर मान खाली घालून उभा. मला दोघांचाही राग आला आणि दोघांसाठीही रडू आलं. मीच म्हणाले, ‘कर बाबा. त्यांचं त्यांना हवंय ना? कर एकदाचं.’

‘नाही,’ डायरेक्ट म्हणाला. ‘दुसरं काहीही सांग, दादा. हे नाही.’

‘बरं,’ हे म्हणाले. ‘असू दे. चहा घेऊन जा.’ आणि पेपर उचलला.

डायरेक्ट पुन्हा खाली शिरला. पत्रा ठोकून सरळ केला, स्विच आवळला, मला क्लच दाबायला लावला. स्विच बारीक टिक वाजला, मी चावी फिरवली, इंजिन लागलं. ट्रॉली घेऊन मला निघायचं होतं. पण त्याने हात वर करून थांबवलं, इंजिन बंद करायला लावलं आणि ओट्यावर गेला. खिशातून वायरीचा तुकडा काढला. यांना म्हणाला, ‘डावा हात पुढे कर, दादा. असा, खाली.’ शिंपी माप घेतो तशी खांद्यापासून मुठीपर्यंत वायर धरली आणि गाठ मारली. मग सीटवर जाऊन बसला, तिथून क्लचपर्यंत वायर सोडली, दुसरी गाठ मारली. कुणालाही काहीही न सांगता किक मारली आणि गेला. त्याच्यासाठी मी आधीच करून ठेवलेला चहा ओट्यावर तसाच राहिला, त्यावर साय धरली.

मी बटाटा बाजारात टाकून परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. पाठ अशी दुखत होती की ट्रॅक्टरवरून उतरूच नये, तिथेच झोपावं असं वाटत होतं. डायरेक्ट अंगणात माझी वाट बघत बसला होता. त्याच्याजवळ एक लोखंडी पाईप होता, मधे वाकवलेला, एका टोकाला वेल्डिंगने बसवलेला पट्टा, दुसऱ्या टोकाला सायकलच्या हँडलची रबरी मूठ. वेल्डिंग अजून निळं होतं. त्याने तो पट्टा क्लचच्या दांड्यावर नट-बोल्टने आवळला. मूठ सीटच्या डाव्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या हाताशी आली. त्याने पाईप खाली रेटला. क्लच पायाशिवाय खाली गेला आणि स्विच टिक वाजला.

‘एका हातात हा, एका हातात चावी,’ तो मला म्हणाला. यांना सांगायचा धीर त्याला नव्हता. ‘हा दाबल्याशिवाय चालू होणार नाही. वर बसल्याशिवाय हा दाबता येणार नाही.’

हे ओट्यावरून ऐकत होते. कुबडी घेऊन उठले आणि अंगणात आले.

वर चढवताना आम्ही दोघांनी धरलं. डायरेक्टने खांदा दिला, यांनी त्याच्यावर सगळा भार टाकला, आणि मी मागून कमरेला धरलं. तिघांनाही धाप लागली. हे सीटवर बसले. मोकळी राहिलेली पँटची बाजू त्यांनी मांडीखाली सारली. गिअरचा दांडा हलवून बघितला, डावीकडे, उजवीकडे. थांबून पुन्हा एकदा हलवून बघितला. मग डावी मूठ खाली रेटली. उजव्या हाताने चावी फिरवली.

इंजिन लागलं. पत्रे थडथडले, धुराची नळी खोकली आणि मग आवाज सारखा झाला. यांनी मूठ हळूहळू सोडली. ट्रॅक्टर जागचा हलला नाही. हे दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर बघत बसले.

डायरेक्ट मोठ्या डाव्या चाकाशी उभा होता. पाईपचा बोल्ट ढिला होतोय का ते वाकून बघत होता. त्याच्या ध्यानात नव्हतं, पण माझ्या ध्यानात आलं, आणि यांच्याही. हे त्या सकाळी जिथे उभे होते, बरोबर तीच जागा.

‘अरे गाढवा!’ हे इंजिनच्या वरचढ ओरडले. ‘चाकापासून लांब हो!’

तो दचकला. ‘न्यूट्रलला आहे, दादा. स्विच पण—’

‘मला अक्कल शिकवतो? लांब हो म्हणतो ना! अजून! भिंतीपाशी जाऊन उभा राहा!’

डायरेक्ट मागे सरकत सरकत माझ्याशेजारी भिंतीपाशी येऊन उभा राहिला. त्याने ऑइलच्या कोपराने डोळे पुसले आणि तोंडभर काळं करून घेतलं.

‘दादा ओरडला,’ तो म्हणाला.

‘ओरडणारच,’ मी म्हणाले. ‘उभा राहा गप्प.’